डोळ्यातून वाहणारे पाणी, लासरू आणि वरचेवर होणारी रांजणवाडी: एका कुटुंबाच्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर

ताई, आपण एकाच प्रश्नात घरातील तिघांबद्दल विचारले आहे. सासूबाईंचे वय ६२ आहे. त्यांच्या डाव्या डोळ्यातून दोन वर्षांपासून पाणी येते, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत डॉक्टरांनी डोळ्याची नळी बंद असल्याचे सांगून शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सात महिन्यांच्या बाळाच्या उजव्या डोळ्यात जन्मापासून पाणी आणि चिपडे असतात. यजमानांना वरचेवर रांजणवाडी होते. तिघांच्याही डोळ्यांत औषधाच्या दुकानातून आणलेले एकच ड्रॉप्स घातले जातात आणि त्यांनी तात्पुरते बरे वाटते, असे आपण लिहिले आहे.

त्या ड्रॉप्सचे जे घटक आपण कळवले आहेत त्यांत प्रतिजैविकाबरोबर स्टेरॉइडही आहे. म्हणून बाकी काही सांगण्याआधी एवढे सांगते की ते तिघांच्याही डोळ्यांत घालणे थांबवावे आणि आजवर किती दिवस घातले ते नेत्रतज्ज्ञांना आठवणीने सांगावे. स्टेरॉइडमुळे लाली आणि सूज एक-दोन दिवसांत उतरते, त्यामुळे आजार बरा झाल्यासारखे वाटते. परंतु आठवडेच्या आठवडे वापरल्यास काही माणसांच्या डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, त्यात गेलेली दृष्टी परत येत नाही, मोतीबिंदू लवकर वाढतो, आणि बुबुळावर बुरशीची जखम असेल तर ती आतल्या आत पसरते. स्टेरॉइडचे ड्रॉप्स फार उपयोगी औषध आहे, पण ते डोळ्याचा दाब मोजणाऱ्या माणसाच्या देखरेखीखालीच वापरायचे औषध आहे.

तिघांचे आजार वेगळे आहेत. ते समजण्यासाठी अश्रूंचा मार्ग थोडक्यात सांगावा लागेल. अश्रू मुख्यतः डोळ्याच्या वरच्या, कानाकडच्या बाजूला असलेल्या ग्रंथीत तयार होतात. पापणी मिटली-उघडली की ते डोळ्यावर पसरतात आणि नाकाकडच्या कोपऱ्यात येतात. तिथे वरच्या आणि खालच्या पापणीच्या कडेला एकेक बारीक छिद्र असते. खालची पापणी किंचित बाहेर ओढून आरशात पाहिले तर ते दिसते. या छिद्रांतून सुमारे १० मिलिमीटर लांबीच्या सूक्ष्म नलिका निघतात, त्या नाकाच्या मुळाशी हाडाच्या खोबणीत बसलेल्या अश्रुपिशवीत उघडतात, आणि पिशवीतून निघालेली नळी हाडातून खाली उतरून नाकात उघडते. रडताना नाकातून पाणी येते आणि डोळ्यात घातलेल्या औषधाची कडू चव घशात उतरते, ती याच वाटेने. पापणी मिटताना तिचे स्नायू या नलिका आणि पिशवी दाबतात व सोडतात, त्यामुळे अश्रू ओढले जातात. म्हणजे वाट मोकळी असूनही पापणी सैल किंवा लुळी असेल तर पाणी गालावर येऊ शकते.

म्हणून डोळ्यातून पाणी येते अशी तक्रार घेऊन कोणी आले की पहिला प्रश्न असतो तो हा, की अश्रू जास्त तयार होत आहेत की त्यांचा निचरा होत नाही. दोन्ही डोळ्यांत पाणी, जोडीला चुरचुर, वाळू गेल्यासारखी टोचणी, वाऱ्यात, पंख्याखाली किंवा मोबाइल पाहताना वाढणारा त्रास, असे असेल तर बहुधा डोळा मुळात कोरडा असतो. अश्रूंवरचा तेलकट थर कमी पडला की ते लवकर सुकतात, बुबुळाला टोचणी लागते आणि ग्रंथी एकदम पाणी सोडते. कोरड्या डोळ्यातून पाणी येते हे रुग्णांना पटवून देणे कठीण जाते. पण अशांना नळीच्या शस्त्रक्रियेची गरज नसते, कृत्रिम अश्रूंचे थेंब आणि पापण्यांची निगा यांची असते. याउलट पाणी एकाच डोळ्यातून, घरात शांत बसलेले असतानाही, सतत येत असेल आणि नाकाकडच्या कोपऱ्यात चिकट पदार्थ साचत असेल, तर निचऱ्याची वाट अडली असण्याचा संभव अधिक.

सासूबाईंच्या बाबतीत ही दुसरी गोष्ट आहे. त्यांच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, नाकाच्या हाडावर बोटाने हलकेच दाबल्यावर छिद्रातून पांढरट किंवा पिवळसर स्राव वर येतो, असे आपणच लिहिले आहे. हे अश्रुपिशवीच्या जुनाट संसर्गाचे जवळजवळ खात्रीचे लक्षण आहे. यालाच अनेक जुनी माणसे लासरू म्हणतात. नळीचे खालचे टोक बंद झाले की पिशवीत अश्रू साचतात आणि साचलेल्या अश्रूंत जंतू वाढतात. पिशवीतील स्राव वर येत नसेल तर नळी तपासण्यासाठी छिद्रातून बोथट सुईने मीठपाणी सोडतात. ते पाणी घशात उतरले तर वाट मोकळी. दुसऱ्या छिद्रातून पुवासकट परत आले तर अडथळा पिशवीच्या खाली. ज्या छिद्रातून सोडले त्यातूनच लगेच स्वच्छ परत आले तर अडथळा सुरुवातीच्या सूक्ष्म नलिकेतच आहे. हा शेवटचा फरक महत्त्वाचा आहे, कारण नलिकेतील अडथळ्याची शस्त्रक्रिया वेगळी आणि अधिक अवघड असते. तपासणीला काही मिनिटे लागतात आणि बधिर करणारे थेंब घातल्यावर फारसे दुखत नाही.

नळी का बंद झाली, याला बहुतेकांमध्ये एकच एक कारण सापडत नाही. चाळिशीनंतरच्या स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळतो. त्यांच्यातील हाडाचा मार्ग अरुंद असतो आणि नळीच्या अस्तराला वर्षानुवर्षे मंद सूज येऊन ती हळूहळू बुजते. चेहऱ्याच्या हाडाला पूर्वी झालेला अपघात, सायनसची शस्त्रक्रिया, थायरॉइडच्या कर्करोगासाठी घेतलेले किरणोत्सारी आयोडीन किंवा डोसेटॅक्सेलसारखे कर्करोगाचे औषध ही कारणे क्वचित असतात, म्हणून पूर्वीचे सर्व उपचार डॉक्टरांना सांगावेत. पाण्याबरोबर रक्त येत असेल, किंवा फुगवटा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या पातळीच्या वर चढलेला आणि दाबून न बसणारा असेल, तर पिशवीत गाठ असण्याची शंका घेऊन सीटी स्कॅन केल्याशिवाय पुढे जाऊ नये. साचलेल्या तळ्यांत आंघोळ करणाऱ्यांमध्ये ऱ्हायनोस्पोरिडिओसिस हा एक संसर्गही नाकात आणि अश्रुपिशवीत रक्ताळ वाढ करतो. अशा रुग्णाने तळ्यातील आंघोळीचा उल्लेख तपासणीत अवश्य करावा.

आता मोतीबिंदूची शस्त्रक्रिया का थांबवली, याविषयी. आपल्या पत्रात डॉक्टरांविषयी थोडी नाराजी आहे, पण त्यांनी अगदी योग्य केले आहे. मोतीबिंदू काढताना डोळा उघडावा लागतो. शेजारीच पू भरलेली पिशवी असेल तर तेथील जंतू डोळ्याच्या आत शिरून असा संसर्ग होऊ शकतो की ज्यात काही दिवसांत पूर्ण दृष्टी जाते. म्हणूनच चांगल्या नेत्रशिबिरांत मोतीबिंदूच्या प्रत्येक रुग्णाची पिशवी दाबून आणि नळीत पाणी सोडून पाहण्याची शिस्त असते. मोतीबिंदूला दोन महिने उशीर झाला तर बहुधा काही बिघडत नाही.

लासरू दुखत नाही म्हणून माणसे ते वर्षानुवर्षे अंगावर काढतात आणि पदराने किंवा रुमालाने कोपरा पुसत राहतात. शेतात काम करणाऱ्यांसाठी यात आणखी एक धोका आहे. उसाचे पाते, भाताचे तूस किंवा ज्वारीचे कुसळ बुबुळाला लागले, तर निरोगी डोळ्यातील असा ओरखडा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत भरतो. पण ज्या डोळ्यात पिशवीतून सतत पू झिरपतो तिथे त्याच ओरखड्याची खोल जखम होते, बुबुळामागे पू साचतो आणि जखम भरली तरी डोळ्यात फूल पडते. सासूबाई शेतावर जात असतील तर शस्त्रक्रिया होईपर्यंत डोळ्यांवर साधा संरक्षक चष्मा असावा, आणि डोळ्याला काहीही लागल्यास त्याच दिवशी दाखवावे.

औषधाने ही नळी उघडत नाही. प्रतिजैविकाच्या थेंबांनी स्राव काही दिवस कमी होतो, एवढेच. मोठ्या माणसांत नळीत नुसती सळई घालून ती उघडण्याचा प्रयत्नही टिकत नाही. खरा उपाय म्हणजे अश्रुपिशवी आणि नाक यांच्यामधील हाडात छोटी खिडकी करून पिशवीचे अस्तर नाकाच्या अस्तराला जोडणे; याला डीसीआर म्हणतात. इटलीतील अदेओ तोती यांनी १९०४मध्ये बाहेरून, म्हणजे नाकाच्या बाजूच्या त्वचेतून, ही शस्त्रक्रिया वर्णन केली आणि तिचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. त्वचेवरचा छेद एक ते दीड सेंटिमीटरचा असतो आणि तो वयस्कर माणसांच्या सुरकुत्यांत बहुधा दिसेनासा होतो. दुसरी पद्धत नाकातून दुर्बिणीने करण्याची आहे. तिच्यात बाहेर व्रण राहत नाही आणि नाकात हाड वाढलेले किंवा पडदा वाकडा असेल तर तेही त्याच वेळी सुधारता येते. अनुभवी हातांत दोन्ही पद्धतींनी दहांपैकी नऊच्या आसपास रुग्णांना गुण येतो. म्हणून मी रुग्णांना सांगते की पद्धत कोणती, यापेक्षा आपल्या शल्यचिकित्सकाचा हात कोणत्या पद्धतीत बसलेला आहे हे विचारा.

बाहेरून करायची शस्त्रक्रिया जागा बधिर करूनही होते, त्यामुळे वय जास्त आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मात्र या भागात रक्तस्राव बऱ्यापैकी होतो. म्हणून रक्तदाब आधी आटोक्यात आणावा लागतो, आणि ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती थांबवायची की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते, ती स्वतःहून बंद करू नये. काही वेळा वाट उघडी राहावी म्हणून सिलिकॉनची बारीक नळी काही आठवडे ठेवतात. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा धागा दिसतो, तो ओढू नये. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे नाक जोराने शिंकरू नये, शिंक आल्यास तोंड उघडे ठेवून शिंकावे, पहिले काही दिवस अतिगरम चहा आणि गरम वाफ टाळावी. फार वृद्ध किंवा अशक्त रुग्णांत, ज्यांचे डोळे मुळात कोरडे आहेत, कधी कधी फक्त पिशवी काढून टाकण्याची छोटी शस्त्रक्रिया करतात. त्यात संसर्गाचे मूळ जाते, पण पाणी येणे थांबत नाही. हे आधी स्पष्ट सांगितले गेले पाहिजे, कारण नंतर निराशा होते ती याच बाबतीत. सासूबाईंचे एकूण आरोग्य चांगले असेल तर डीसीआर हाच योग्य पर्याय वाटतो. चार ते सहा आठवड्यांनी नळीत पाणी सोडून ते घशात उतरते आणि पिशवी दाबल्यावर काही वर येत नाही याची खात्री झाली की मोतीबिंदूची तारीख घेता येईल.

दरम्यान, कोपऱ्याखाली एकाएकी लाल, ठणकणारी, गरम सूज आली आणि ताप भरला, तर तो जुनाट आजाराचा तीव्र झटका समजावा. अशा वेळी पोटात घेण्याची, प्रसंगी शिरेतून देण्याची प्रतिजैविके लागतात, पू झाला असेल तर तो काढावा लागतो, आणि नळीत पाणी सोडण्याची तपासणी मुळीच करायची नसते, कारण त्याने संसर्ग आजूबाजूच्या पेशींत ढकलला जातो. सूज घरी फोडू किंवा दाबू नये. तिथे कायमचे छिद्र पडून अश्रू गालावर वाहत राहिल्याचे अनेक रुग्ण पाहण्यात येतात. डोळा पुढे आल्यासारखा वाटणे, तो फिरवताना दुखणे, एकाची दोन दिसणे किंवा दृष्टी मंदावणे, यांपैकी काहीही दिसले तर संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरला असे समजून रुग्णालय गाठावे, मग वेळ रात्रीची असो.

बाळाकडे वळते. नवजात बाळांपैकी निदान वीसात एकाला, काहींच्या मते याहून बऱ्याच जास्त बाळांना, असा त्रास असतो. नळीच्या नाकातील तोंडाशी एक पातळ पडदा असतो, तो जन्माच्या सुमारास उघडायचा राहून जातो. चांगली गोष्ट अशी की दहांपैकी सुमारे नऊ बाळांमध्ये तो पहिल्या वर्षाच्या आत आपोआप उघडतो. यासाठी मालिशची एक विशिष्ट पद्धत आहे, ती अमेरिकेतील क्रिग्लर या डॉक्टरांनी १९२३मध्ये सांगितली. बहुतेक आयांना ती नीट दाखवली जात नाही आणि त्या नाकावरून नुसते बोट फिरवत राहतात. नखे कापून, हात धुऊन, करंगळी किंवा तर्जनीचे टोक बाळाच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर ठेवावे, तिथे थोडा दाब द्यावा आणि तो दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने खाली आणावे. पिशवीतील द्रव खाली ढकलून पडद्यावर ताण आणायचा, हा हेतू. एका वेळी पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा, दूध पाजताना केले तर बाळ विरोध करत नाही. दाबताना कोपऱ्यातून थोडा स्राव वर आला तर तो उकळून थंड केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसून घ्यावा. प्रतिजैविकाचे थेंब पिवळा पू वाढला किंवा डोळा लाल झाला तरच, आणि काही दिवसांपुरते.

काजळ घालू नये. घरी धरलेले असले तरी बोटाने पापणीच्या कडेला लावताना छिद्रे बुजतात आणि जंतू शिरतात. बाजारातील काही सुरमे-काजळांत शिसे असते, आणि शिसे बाळाच्या मेंदूला घातक आहे. आजी-आजोबांना दृष्ट लागण्याची काळजी असेल तर तीट कानामागे किंवा तळपायावर लावता येते. डोळ्यात आईचे दूध, मध किंवा गुलाबपाणी घालणेही टाळावे.

बाळ एक वर्षाचे होईपर्यंत पाणी थांबले नाही, तर भूल देऊन नळीत बारीक सळई घालून तो पडदा उघडतात. काही मिनिटांचे काम असते आणि त्याच दिवशी घरी जाता येते. पहिल्या वाढदिवसानंतर फार लांबवू नये, कारण वय वाढेल तसे यशाचे प्रमाण कमी होते. त्याने गुण न आल्यास सिलिकॉनची नळी घालणे किंवा फुग्याने वाट रुंद करणे, आणि तेही न जमल्यास चार-पाच वर्षांच्या वयानंतर डीसीआर, असे पुढचे टप्पे आहेत. त्यांची गरज थोड्याच मुलांना पडते.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातील प्रत्येक पाणी मात्र नळीचे नसते. जन्मानंतर पहिल्या महिन्यात भरपूर पू आणि पापण्यांना सूज असेल तर प्रसूतीच्या वेळी लागलेला संसर्ग असू शकतो आणि तो काही दिवसांत बुबुळाला भोक पाडतो. कोपऱ्याखाली जन्मतःच निळसर फुगवटा असेल आणि बाळाला श्वास घेताना त्रास होत असेल, तर पिशवीचा फुगा नाकात उतरलेला असू शकतो. आणि सर्वांत निसटते ते हे: पाणी आहे पण चिपडे नाहीत, बाळ उजेडात डोळे घट्ट मिटते, बुबुळ मोठे किंवा धुरकट दिसते. हा जन्मजात काचबिंदू असू शकतो. मोठ्या टपोऱ्या डोळ्यांचे घरात कौतुक होत राहते आणि तोवर डोळ्याची नस सुकत जाते. आपल्या बाळाला चिपडे आहेत, उजेडाचा त्रास नाही आणि बुबुळे सारखी दिसतात, असे आपण कळवले आहे, ते समाधानकारक आहे. तरीही एकदा बालनेत्रतज्ज्ञांकडून बुबुळाचे माप आणि दाब पाहून घ्यावा.

यजमानांची रांजणवाडी ही वेगळ्या ठिकाणची व्यथा आहे. पापणीच्या केसाच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथीला जंतुसंसर्ग झाला की टोकाला पिवळा ठिपका असलेली दुखरी पुळी येते, ती रांजणवाडी. पापणीच्या आत, कडेला काटकोनात, तेल तयार करणाऱ्या उभ्या ग्रंथी असतात, वरच्या पापणीत साधारण तीस-चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस. त्यांपैकी एखादीचे तोंड बुजून तेल आतच साठले की न दुखणारी, मुगाएवढी किंवा वाटाण्याएवढी गाठ राहते, तिला कॅलॅझिऑन म्हणतात. दोन्हींचा पहिला उपचार एकच आहे आणि तो घरी होतो: शेक. या ग्रंथींतील तेल हिवाळ्यात डब्यात थिजलेल्या तुपासारखे घट्ट झालेले असते. ते वितळायचे तर ऊब सलग मिळाली पाहिजे. तळहातावर बोट चोळून दोन सेकंद लावल्याने ते होत नाही. स्वच्छ कापड सोसवेल इतक्या गरम पाण्यात भिजवून, पिळून, बंद पापणीवर ठेवावे, थंड झाले की पुन्हा भिजवावे, असे आठ-दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर वरची पापणी खाली आणि खालची वर, अशी कडेच्या दिशेने हलकी मालिश करावी. लवंग उगाळून लावण्याची आपल्याकडे पद्धत आहे. लवंगेचे तेल डोळ्यात गेल्यास बुबुळाचा वरचा थर सोलला जातो, म्हणून ती सोडून द्यावी. पुळी फोडू नये, केस उपटू नये. बहुतेक रांजणवाड्या आठ-दहा दिवसांत बसतात. गाठीला मात्र चार ते सहा आठवडे द्यावे लागतात. तरीही राहिली तर पापणी बधिर करून, आतल्या बाजूने छेद घेऊन ती काढतात. बाहेर व्रण राहत नाही. गाठीत स्टेरॉइडचे इंजेक्शन हाही पर्याय आहे, पण सावळ्या त्वचेवर त्याने पांढरा डाग राहू शकतो, म्हणून आपल्याकडे मी तो कमी वापरते.

रांजणवाडी पुन्हा पुन्हा होते तेव्हा पुळीपेक्षा पापणीच्या कडेकडे पाहावे लागते. कड लालसर, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखे पापुद्रे, सकाळी डोळे चिकटलेले, दिवसभर खाज, असे असेल तर कडेला जुनाट दाह आहे. डोक्यात कोंडा असणाऱ्यांत तो जास्त दिसतो. केसांच्या मुळांना नळकांड्यासारखे पारदर्शक पापुद्रे दिसले तर डेमोडेक्स नावाचा सूक्ष्म परजीवी कारण असतो आणि त्यासाठी वेगळे औषध लागते. हा दाह रक्तदाबासारखा कायम आटोक्यात ठेवायचा आजार आहे, हे यजमानांनी स्वीकारले तरच रांजणवाड्या थांबतील. रोज शेक, मालिश, आणि तयार ओल्या पुसण्यांनी किंवा पाण्यात चार-पाच थेंब बाळाचा शाम्पू घालून कापसाच्या काडीने कड पुसणे, हे महिनोन्‌महिने करावे लागते. त्याने भागले नाही तर डॉक्टर ॲझिथ्रोमायसिन किंवा डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक काही आठवडे देतात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे, घेऊन लगेच आडवे होऊ नये, आणि घरातील गर्भवती स्त्रीला किंवा आठ वर्षांखालील मुलाला ते देऊ नये. यजमानांच्या रक्तातील साखर तपासावी, कारण वारंवार होणाऱ्या रांजणवाडीतून कधी कधी मधुमेह पहिल्यांदा उघडकीस येतो. चष्म्याचा नंबर तपासावा. अंधुक दिसणारी माणसे नकळत डोळे चोळत राहतात.

एक इशारा सासूबाईंच्या वयाच्या सर्वांसाठी देते. पन्नाशीनंतर पापणीवर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, तिथले केस गळले असतील, कड झिजल्यासारखी किंवा पिवळट जाड झाली असेल, किंवा एकाच डोळ्याची पापणी महिनोन्‌महिने लाल राहून कोणत्याही औषधाला दाद देत नसेल, तर ती साधी गाठ धरून चालू नये. पापणीतील तेलग्रंथींचा कर्करोग असाच दिसतो. पाश्चात्त्य देशांत तो विरळ आहे, भारतात मात्र पापणीच्या कर्करोगांत त्याचे प्रमाण बरेच मोठे आहे. सुरुवातीला पूर्ण काढता येतो. उशीर झाल्यास कानापुढच्या आणि मानेच्या गाठींत पसरतो. म्हणून काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवावी असे डॉक्टरांनी सांगितले तर तो खर्च टाळू नये, आणि वयस्कर रुग्णात गाठ दुसऱ्यांदा आली असेल तर तपासणीची मागणी आपण स्वतः करावी.

पापणीची ठेवण बिघडली तरीही पाणी येते. वयोमानाने खालची पापणी आत वळली की तिचे केस प्रत्येक उघडझापीला बुबुळावर घासतात. शस्त्रक्रियेची तारीख मिळेपर्यंत पापणीखालच्या त्वचेला चिकटपट्टी लावून ती गालाकडे ओढून ठेवल्यास बुबुळ वाचते. केस उपटले तर ते चार-सहा आठवड्यांत आखूड आणि टोकदार होऊन परत येतात. खुपऱ्यांचा आजार, म्हणजे ट्रॅकोमा हा पापण्यांच्या आतल्या बाजूचा संसर्ग, आता भारतात सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिलेला नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४मध्ये जाहीर केले. पण बालपणी खुपऱ्या होऊन गेलेल्या वृद्धांच्या वरच्या पापणीच्या आत व्रण राहिलेले असतात आणि त्यांचे केस आजही आत वळलेले आढळतात. याच्या उलट, खालची पापणी बाहेर लोंबली तर छिद्र डोळ्यापासून दूर जाते आणि पाणी गालावर येते. असे रुग्ण पाणी खालच्या दिशेने पुसत राहतात, त्याने पापणी आणखी सैल होते. पुसताना हात नाकाकडे आणि वर न्यावा. चेहऱ्याच्या लकव्यात आणि कुष्ठरोगात डोळा पूर्ण मिटत नाही. तिथे दिवसा कृत्रिम अश्रू, रात्री मलम लावून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवणे, ही काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी.

वरची पापणी पडण्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी घरात बाळ आहे म्हणून सांगते. जन्मतः पडलेली पापणी बाहुली झाकत असेल तर त्या डोळ्याची नजर तयारच होत नाही, म्हणून पहिल्या काही महिन्यांतच दाखवावे. मोठ्या माणसात पापणी एकाएकी पडली, जोडीला एकाची दोन दिसू लागली आणि बाहुली मोठी झाली, तर मेंदूतील रक्तवाहिनीचा फुगवटा असू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात. संध्याकाळी पडणारी आणि विश्रांतीनंतर उचलणारी पापणी मायस्थेनिया या स्नायूंच्या आजाराकडे बोट दाखवते. आणि वस्तीवर जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या दोन्ही पापण्या पहाटे जड होऊन मिटू लागल्या, पोट दुखत असेल, गिळताना अडत असेल, तर दंशाची खूण सापडली नाही तरी मण्यार चावल्याचे समजून थेट सर्पविषावरील लस आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

शेवटी ड्रॉप्सबद्दल, कारण आपल्या प्रश्नाची सुरुवात तिथूनच झाली. प्रत्येकाची बाटली वेगळी ठेवावी आणि तिचे टोक पापणीला लागू देऊ नये. दोन औषधे घालायची असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटे दाबून ठेवावा, म्हणजे औषध नळीवाटे घशात न जाता डोळ्यात राहते. ज्यांच्या पिशवीत पू आहे, त्यांनी मात्र आधी पिशवी दाबून रिकामी करावी, कोपरा पुसून घ्यावा, हात धुवावेत, आणि मगच थेंब घालावा. उघडलेली बाटली साधारण एका महिन्यानंतर टाकून द्यावी, म्हणून उघडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहून ठेवावी.